पोचू नावाचा फोल्डर

रंजीताला पसारा खपत नसे. चामोर्शीच्या तिच्या स्वयंपाकघरात मिठाच्या डब्यावर ‘मीठ’ आणि साखरेच्या डब्यावर ‘साखर’ अशा चिठ्ठ्या होत्या, जणू घरातली माणसं डोळे मिटूनच चहा करत होती. सासू म्हणायची, “आमाले चव कळते बाई.” तरी चिठ्ठ्या काही निघाल्या नाहीत. अशा बाईच्या हाती गडचिरोलीच्या वाचन संस्थेने सगळ्या केंद्रांच्या रिपोर्टचा सामायिक फोल्डर आवरायला दिला, तेव्हा तिला घरात सण आल्यासारखं वाटलं.

ही संस्था जंगलातल्या गावांत एकेका खोलीची वाचन केंद्रं चालवत असे. कोणी कुठलं पुस्तक नेलं, कधी परत आणलं हे केंद्रावरच्या टॅबवर नोंदलं जाई. टॅबला कुठेतरी नेटवर्क मिळालं की नोंदी गडचिरोलीला पोचत आणि सिस्टीम त्यांचे रिपोर्ट बनवी. ते सगळ्यांना दिसावेत म्हणून एकाच फोल्डरात ठेवायची पद्धत होती. पद्धत कसली, धर्मशाळाच ती. ‘मासिक फायनल’, ‘मासिक फायनल खरं’, ‘पवनचं आहे, हात लावू नये’, ‘टेस्ट’, ‘टेस्ट जुनं’. मार्चअखेरीस देणगीदारांची मंडळी नागपूरहून बैठकीला यायची होती. संस्थेचे सचिव भैयाजी रंजीताला म्हणाले, “ताई, हे जरा मानसात आना. पाहुन्यांसमोर असं उघडलं तर इज्जत जाईन आपली.”

रंजीताने पदर खोचला. तालुक्यांचे फोल्डर केले, त्यात गावांचे, गावांत वर्षांचे. ज्या रिपोर्टचा धनी सापडला तो जागेवर लावला, ज्याचा नाही सापडला तो काढून टाकला. त्यात ‘पोचू’ नावाचा एक फोल्डर होता आणि त्याच्या आत एकच रिपोर्ट. पोचू नावाचा कोणी कर्मचारी संस्थेत नव्हता, कधी होऊनही गेला नव्हता. तिने शेजारच्या टेबलांवर विचारलं, त्यांनी खांदे उडवले. असेल कोणाचं तरी खासगी काहीतरी, असं म्हणून तिने तो डिलीट केला. सामायिक फोल्डरातून एकाने काढलं की सगळ्यांचंच जातं आणि मागे काही उरत नाही, हे तिला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर त्यातच तिला समाधान होतं.

बैठकीच्या दिवशी भिंतीवर डॅशबोर्ड उघडला. सगळी केंद्रं एकाखाली एक, नीट चाललेली हिरवी, अडखळणारी पिवळी. पाहुणे खूश होते, फोल्डर पाहून तर फारच खूश. “असं काम नागपूरलाही होत नाही,” असं एक जण म्हणाला आणि रंजीता लाजून खाली बघू लागली. तेवढ्यात भामरागडकडच्या ओळींत एक ओळ लाल दिसली. कोसमगुडा. वाचक, एक.

“एका माणसासाठी केंद्र चालवता?” पाहुण्याने विचारलं.

भैयाजींनी चष्मा काढून पुसला. चहा येईपर्यंत निर्णय होऊनही गेला, केंद्र बंद करायचं. गाडी पाठवून पुस्तकं, कपाट आणि सोलरचा दिवा हे सगळं परत आणायचं आणि दुसऱ्या गावाला द्यायचं.

कोसमगुडा तिने पाहिलेलं होतं. हेमलकशाच्या पुढे, पावसाळ्यात नदीपलीकडे अडकून पडणारं गाव. ती गेली होती तेव्हा त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, पोरं एकमेकांच्या मांडीवर बसून वाचत होती. तिथे एक वाचक कसा असेल? बैठक उठल्यावर तिने तो एक वाचक उघडून पाहिला, तर नाव निघालं पोचू, आणि तिने दिनेशला फोन लावला. दिनेश तिच्या आधी त्याच टेबलावर बसायचा, आता सूरजागडच्या खाणीवर नोकरीला होता.

“पोचू म्हनजे तिथचा भूमिया, गावचा प्रमुख,” दिनेश म्हणाला. “अख्खं गाव त्याच्या एकट्याच्या कार्डावर पुस्तकं नेते. काऊन ते मले नाई मालूम, पन तशीच रीत हाये त्यांची. सिस्टीमले मग एकच मानूस दिसते. म्हनून मी त्या गावापुरता वेगळा रिपोर्ट बनवला होता, किती पुस्तकं फिरली ते मोजनारा. डॅशबोर्ड तिथूनच आकडा घेत होता. काऊन जी, काय झालं?”

“मी तो डिलीट केला.”

ट्रकांच्या आवाजावरून ओरडत तो म्हणाला, “नवा करून टाक ना मग.”

तिने केला. दुपार गेली, जेवण राहिलं, पण केला. आणि सेव्ह करायला गेली तर सिस्टीमने परवानगी नाकारली. एवढा सुरेख लावलेला फोल्डर पुन्हा कोणी बिघडवू नये म्हणून पाहुण्यांनी जाता जाता त्याला कुलूप घालून ठेवलं होतं. आता त्यात नवं काही ठेवायचं तर नागपूरहून, आणि तेही मंजूर झालेलंच. स्वतःच झाडून पुसून चकाचक केलेल्या घराबाहेर रंजीता उभी राहिली होती.

ती भैयाजींकडे गेली आणि सगळं कबूल केलं. माणूस वाईट नव्हता, पण नागपूरच्या पाहुण्यांपुढे त्याचा कणा जरा मऊ पडायचा.

“दिनेशचा तो रिपोर्ट मंजूर कोनी केला होता?” ते म्हणाले. “जुगाड होता तो. आता मी कोन्या तोंडानं सांगू त्यांले?”

“माझ्या चुकीची शिक्षा गावाला कशाला, भैयाजी?”

रंजीता हलली नाही. शेवटी ते वैतागून म्हणाले, “महिनाअखेरचा आकडा निघाचा हाये अजून. त्यात वीस वाचक दिसले, वीस वेगळे कार्ड अन प्रत्येकाच्या नावावर एक तरी पुस्तक, तर मी शब्द टाकतो. गाडी तर सामान आनाले जाऊनच राह्यली उद्या. जा तिच्यासंगं. पन आकडा आला नाई, तर सामान घेऊनच वापस या.”

दुसऱ्या दिवशी ती गाडीत बसली. गाडी मनसाराम चालवायचा. वैनगंगेकाठच्या मासेमारांच्या घरातला, केस पांढरे झालेला, आणि या रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा ओळखणारा. मागे पुस्तकं भरायचे रिकामे क्रेट खडखडत होते. आलापल्ली मागे पडली तशी रंजीताची तोंडातल्या तोंडात आकडेमोड सुरू झाली. गावात माणसं भरपूर आहेत, वीस म्हणजे काहीच नाही, फॉर्म भरायला कितीसा वेळ लागतो. मनसारामने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे.

मोहफुलं वेचायचे दिवस होते. रस्त्याकडेच्या झाडांखाली जमीन झाडून स्वच्छ केलेली दिसत होती. कोसमगुड्याच्या अलीकडे वाटेच्या कडेला उभे दगड लागले, कोणी माणसाएवढा, कोणी गुडघ्याएवढा. मेलेल्यांच्या नावाने गावाने उभे केलेले. मनसारामने गाडी हळू केली आणि कपाळाला हात लावला.

“हा पोचूभाऊच्या बायकोचा,” तो म्हणाला. “पोराचा नाई यात.”

“मुलगाही गेला त्यांचा?”

“तेच तर कोनाले मालूम नाई. अजय नाव त्याचं. आश्रमशाळेत शिकत होता, सुट्टीत घरी आला होता. त्या साली बाहेरचे कोनी येऊन गावातल्या जवान पोरांची नावं लिहून घेऊन गेले, काम देतो म्हनून. मंग एक दिवस वेगळेच लोक आले. कागदावरून नाव वाचलं अन त्याले घेऊन गेले. कोन होते ते गाव सांगत नाई. कोनी म्हनते मारला, कोनी म्हनते दूर कुठी हाये. पोचूभाऊनं दगड उभा नाई केला. दगड उभा केला म्हनजे मंग संपलंच ना, ताई.”

केंद्राची खोली गोटुलाच्या, म्हणजे गावाची बैठक भरते त्या जागेच्या बाजूलाच होती. आचल दारातच उभी होती. पोचूची ही धाकटी मुलगी केंद्र सांभाळायची आणि त्याच दिव्याखाली नर्सिंगच्या परीक्षेचा अभ्यास करायची. गाडी पाहून ती हसली, क्रेट पाहून थांबली.

“ताई, एवढे रिकामे डबे कायले आनले?”

रंजीताने येताना गोड शब्दांची जुळवाजुळव केली होती. त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. तिने सरळ सांगितलं, काय पुसलं, काय दिसलं, काय ठरलं. आचल ऐकत होती आणि हातातल्या पुस्तकाचा फाटका कोपरा चापून बसवत होती. त्या खोलीतल्या बहुतेक पुस्तकांना जुन्या लुगड्यांची कव्हरं शिवलेली होती.

“मंग मी कुठी बसून वाचू?” आचल म्हणाली. “मे महिन्यात परीक्षा हाये. अन पानी लागलं की रस्ता बंद. हे पोरं शाळा सोडून आलेले हायेत, यांले काय सांगू?”

“नाही जाणार काही. मला फक्त वीस नावं दे. वीस जणांची कार्डं काढू, आत्ता, टॅबवर.”

“नावं नाई देनार कोनी,” आचल म्हणाली. तिने हे इतकं सहज सांगितलं की रंजीताला आधी ते कळलंच नाही.

दुपारी माणसं मोहाच्या टोपल्या घेऊन परतली तेव्हा गोटुलात बैठक बसली. पोचू मध्ये बसला होता, उघड्या अंगाचा, बारीक, गुडघ्यांवर हात ठेवून. रंजीताने जोहार केला आणि बोलायला लागली. ती समजावून बोलली, मग विनवून बोलली, मग हात जोडून बोलली. आचल अधूनमधून माडिया भाषेत सांगत होती. बाया तिच्याकडे कणवेने बघत होत्या, आणि तेच तिला सहन होत नव्हतं.

“माझं नाव हाये ना तुमच्यापाशी?” पोचूने विचारलं.

“आहे, पोचूभाऊ. पण एक नाव पुरत नाही.”

“बाई, पोरांले पुस्तक पाहिजे होतं म्हनून मी माझं नाव देल्लं. नाव लिहून गेलं की कुठी जाते, कोन वाचते, आमाले मालूम पडत नाई. एक बार पाह्यलं आमी. तवापासून बाहेरचं काही बी घ्याचं असलं तर माझं नाव. मले म्हाताऱ्याले नेऊन कोनी काय करन?”

नावं सुरक्षित राहतील, असं म्हणायला रंजीताने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सामायिक फोल्डरातलं सगळ्यांना दिसतं, त्यासाठीच तर तो असतो. आणि कोणत्या गावात कोण कोण आहे हे एका क्षणात सापडावं म्हणून तालुका, गाव, वर्ष अशी रांग तिनेच लावली होती. शाबासकीही घेतली होती. ती टॅब मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली.

बाहेर मनसारामने क्रेट उतरवले होते. त्यांचा आवाज आला तसा एक लहान पोरगा खोलीच्या दारात जाऊन आडवा बसला. त्याला उठवायला कोणी गेलं नाही.

“मी खोटी नावं टाकू का?” रंजीता म्हणाली. आपण हे मोठ्याने बोललो याचं तिचं तिलाच नवल वाटलं. “कोणाचीही, मनाने केलेली. मला बाकी काही सुचत नाही, पोचूभाऊ.”

पोचूने आचलला काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं. मग त्याने वाटेकडे पाहिलं.

“खोटी कायले?” तो म्हणाला. “नावं हायेत ना आमच्यापाशी. तिथी उभी हायेत वाटेवर. मेलेल्यांची लिहा. त्यांले कोनी घेऊन जात नाई.”

एका म्हातारीने मान डोलावली, आणि बघता बघता सगळ्यांनीच. रंजीताने टॅब उघडला. आयुष्यात पहिल्यांदाच ती डब्यावर चुकीची चिठ्ठी लावायला निघाली होती.

पण तेही सोपं निघालं नाही. ज्या आजी-आजोबांची नावं घरातल्या नातवंडांना ठेवली होती ती चालणार नव्हती, कारण ते नाव आता जिवंत होतं. गावाने अशी बरीच नावं फिरवून पुन्हा घरात आणली होती. उरलेली एकेक आठवून सांगावी लागली. शिवाय कार्डावर पुस्तक दिल्याशिवाय सिस्टीम त्या माणसाला वाचक धरत नव्हती. म्हणून आचलने पुस्तकं बाहेर आणली आणि गाव आपल्या मेलेल्या माणसांसाठी पुस्तकं निवडू लागलं. झाडू नावाचा एक जण मासे धरण्यात पटाईत होता, त्याला माशांचं पुस्तक. एक म्हातारी वाघ दिसला की त्याला शिव्या घालायची, तिला वाघाचं. चित्रं दाखवता दाखवता बाया हसल्या, एक जण रडली, परत हसली. मैनी, म्हणजे आचलची आई, बाळंतपणात पुराच्या पाण्याअलीकडे अडकून दगावली होती. तिच्या कार्डावर आचलने नर्सिंगचं गाईड चढवलं.

“मायच्या नावावर राहू द्या,” ती म्हणाली. “मले रोजच लागते ते.”

ऊन उतरलं. मनसाराम दोनदा येऊन उभा राहून गेला, नदीचा उतार उजेडातच ओलांडायचा होता. रंजीताने टॅबवर नजर टाकली. पोचूचं कार्ड धरून एकोणीस. तिने पुन्हा मोजलं. माणसं एकमेकांकडे बघून आठवत होती, कोणी एखादं नाव घेई आणि दुसरा म्हणे, ते तर अमक्याच्या पोराला ठेवलं. मग नावं संपली.

रंजीताला वाटलं, सांगावं की असू दे, एक मी टाकते. पण एक खोटं नाव आता या सगळ्या खऱ्यांच्या शेजारी बसवायचा तिला धीर होईना.

पोचू उठला. पुस्तकांच्या ढिगापाशी गेला आणि एकेक उचलून हाताने वजन बघू लागला. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने एक जाडं पुस्तक निवडलं आणि ते रंजीताच्या पुढ्यात आणून ठेवलं.

“अजय लिहा,” तो म्हणाला.

आचलने मान वर केली. “बाबा,” ती म्हणाली, आणि पुढचं माडियात बोलली, भरभर. पोचूने तिला हाताने थांबवलं. बैठकीतल्या माणसांनी खाली पाहिलं.

“नको, पोचूभाऊ,” रंजीता म्हणाली. “खोली गेली तरी चालेल. हे नको.”

“लिहा. या सगळ्यायत त्यालेच वाचता येत होतं.”

तिने लिहिलं. पुढचा रकाना वयाचा होता. तो रिकामा सोडता येत नव्हता, आणि तिला विचारवेना. आचलनेच बापाला विचारलं, आताचं की तेव्हाचं.

“गेला तवाचं,” पोचू म्हणाला. “सतरा.”

तिने पुस्तक चढवलं. टॅबने परत करायची तारीख विचारली, दर वेळी विचारतो तशी. अठरा वेळा ती तारीख तिने न बघता दाबली होती. या वेळी तिचं बोट तिथेच राहिलं.

“काय विचारते ते?” पोचूने विचारलं.

“पुस्तक कधी परत आणणार, असं विचारतोय.”

पोचू पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसला. रंजीताने डोळे पुसले आणि तारीख दाबली.

महिनाअखेरीस कोसमगुड्याची ओळ हिरवी झाली. भैयाजींनी तिला मुद्दाम बोलावून दाखवली आणि म्हणाले, “पाहा ताई, मागं लागलं की लोक येतात.” ती हो म्हणाली. संध्याकाळी घरी गेल्यावर तिने साखरेच्या डब्यावरची चिठ्ठी काढून टाकली.

पावसाआधीच्या फेरीला ती पुन्हा गाडीत बसली. या वेळी क्रेट भरलेले होते. कोसमगुड्याच्या अलीकडे मनसारामने तिला न विचारताच गाडी थांबवली. मैनीच्या दगडाशेजारी एक नवा दगड उभा होता, आणि त्याच्या बुडाची माती अजून ओली होती.